ओव्हरड्राइव्हची कळ

पुण्याहून मुलांस घेऊन मुंबईस जातांना, खंडाळ्याच्या घाटांत आमच्या जुन्या ऑटोमॅटिक मोटारीच्या ब्रेकांचा जळका वास येऊं लागला, तेव्हां कुठें ओव्हरड्राइव्हच्या कळीचें मर्म आम्हांस उमगलें. या गिअरमध्यें इंजिनाच्या एका फेऱ्यांत चाकांकडे जाणारा दांडा एकाहून अधिक वेळां फिरतो. म्हणून सपाट रस्त्यावर इंजिन संथ चालतें व पेट्रोल वाचतें. परंतु उतारावर तेंच संथ इंजिन गाडीस फारसें आवरीत नाहीं. सारा भार ब्रेकांवर पडतो. आम्हीं कळ बंद केली. इंजिन गुरगुरलें, मुलें दचकलीं; आम्हांस मात्र तो आवाज वडीलधाऱ्यांच्या दटावणीसारखा आश्वासक वाटला. पुढें थांबून ब्रेक निवूं दिले. तेव्हांपासून सपाटीवर कळ चालू, घाटांत बंद, हा आमच्या घरचा नेम आहे.