ओट्यामागची भिंत

रंगांनाही तापमान असते, हे मला चाळिशी उलटल्यावर एका टाइल्सवाल्याने शिकवले. "मॅडम, हा वॉर्म, हा कूल," असे म्हणत तो माझ्यापुढे चौकोनी तुकडे मांडीत होता. वीस वर्षे मी वर्गात मराठी शिकवते. 'ऊब' ह्या एका शब्दावर तासभर बोलायला सांगितले, तर घड्याळ न पाहता बोलेन. पण ऊब चौरस फुटाच्या भावाने मिळते, हे मला ठाऊक नव्हते!

झाले होते असे. आमची जुनी इमारत पाडून तिच्या जागी नवी उभी राहिली, आणि नव्या घराबरोबर आम्हांला कोरेकरकरीत स्वयंपाकघर मिळाले. पांढरा ओटा, पांढरी कपाटे, पांढऱ्या भिंती. ओट्यामागची भिंत तेवढी नुसता रंग देऊन सोडलेली होती. तिथे ज्याने त्याने आपल्या आवडीच्या टाइल्स बसवून घ्यायच्या होत्या. घर पाहायला येणारा प्रत्येक जण म्हणे, "अगदी चित्रातल्यासारखं आहे हो!" सासूबाई मात्र काही बोलत नसत. चित्रात फोडणी करता येत नाही, हे त्यांना आमच्या आधी कळले असावे.

जुन्या घरातल्या काळ्या कडाप्प्याच्या ओट्यावर त्यांचे राज्य होते. मी कॉलेजातून येईपर्यंत आमटीला उकळी फुटलेली असे. इथे आल्यापासून त्या जेवणाच्या टेबलाशी बसून मटार सोलत. ओट्यापाशी जात नसत. एकदा मी म्हटले, "आई, आज कढी तुम्ही करा ना." तर म्हणाल्या, "नको गं, तुमच्या ओट्यावर हळदीचा डाग पडायचा."

व्याकरण शिकवणाऱ्या माणसाचा कान नको तिथे अडकतो. माझा त्या 'तुमच्या'वर अडकला. आपल्या भाषेत 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि 'आपण' म्हटले की तो आत येतो. इंग्रजीला दोन्हीकडे एका 'वी'वर भागवावे लागते. जुन्या घरी 'आपला ओटा' होता. इथे तो 'तुमचा' झाला. एवढ्या एका सर्वनामाने अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई आपल्याच घरात पाहुणी होऊन बसली होती.

पांढऱ्या रंगाशी माझे वैर नाही. त्याचा इतिहास मोठा सात्त्विक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोगजंतूंची ओळख पटली, आणि मळ लपवीत नाही तो रंग आरोग्याचा, असे लोक मानू लागले. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ साली सुरू झाली, तेव्हा तिच्या स्थानकांच्या भिंतींना चकचकीत पांढऱ्या टाइल्स लावल्या होत्या. तीन बाय सहा इंचांच्या तसल्याच टाइल्स आज आपल्याकडच्या दुकानांत 'सबवे' ह्या नावाने मिळतात. उलट १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की ह्या वास्तुशिल्पी बाईंनी फ्रँकफुर्टच्या नव्या घरांसाठी आटोपशीर स्वयंपाकघर आखले, तेव्हा त्यातल्या कपाटांना निळा रंग दिला गेला. त्या रंगावर माश्या बसत नाहीत, असा समज होता! म्हणजे स्वयंपाकघराचा रंग कोणी ना कोणी काहीतरी दूर ठेवण्यासाठीच निवडला आहे. कुणी जंतू, कुणी माश्या. आमच्या पांढऱ्या रंगाने सासूबाईंना दूर ठेवले होते. पांढरा रंग डाग दाखवतो हे खरे. पण डाग कोणी पाडला, हेही तो दाखवतो.

तेव्हा त्या भिंतीचे काहीतरी करणे आले. दुकानदार तिला 'बॅकस्प्लॅश' म्हणे आणि मिस्त्री 'डॅडो'. दुसऱ्या शब्दाने माझे कुतूहल चाळवले. मूळ इटालियन 'दादो' म्हणजे फासा. त्यावरून खांबाच्या बैठकीचा चौकोनी भाग आणि पुढे भिंतीचा वेगळ्या रंगाचा, खालचा पट्टा. रात्री जेवताना हे पुराण मी सर्वांना ऐकवले. मास्तरकीची सवय, दुसरे काय!

सासूबाई भात कालवता कालवता म्हणाल्या, "म्हणजे गेरूचा पट्टाच की!"

आणि मग त्या बोलू लागल्या. वाईजवळच्या त्यांच्या माहेरी भिंतींना वर चुना आणि खाली हातभर गेरू असे. पावसाचे शिंतोडे, पोरांचे मळके हात, सारे खालीच लागायचे. "पांढऱ्याला जपायचं असलं, तर जिथे डाग पडतो तिथे तांबडं लावावं," त्या म्हणाल्या. दुकानदाराच्या जाडजूड कॅटलॉगमध्ये एवढे नेमके वाक्य मला सापडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी तीन नमुने घरी आणले: एक मोहरीसारखा पिवळा, एक विटेचा कोरा तुकडा आणि एक झिलईचा, गेरूच्या रंगाचा. परीक्षक सासूबाई! त्यांनी रात्री तिन्हींवर तेलात कालवलेली हळद थापली आणि सकाळी ओल्या फडक्याने पुसली. कोऱ्या विटेने हळद पिऊन टाकली होती. झिलई म्हणजे काचेचाच पातळ थर. त्यातून तेल आत शिरत नाही. त्यामुळे उरलेले दोघे उत्तीर्ण झाले.

पिवळ्याला दिव्याने नापास केले. दुकानात उबदार दिसणारा तो रंग आमच्या स्वयंपाकघरात फिकट आणि आजारी दिसू लागला. ह्यांनी दिव्याचे खोके शोधून काढले. त्यावर ६५०० केल्विन असे लिहिले होते. उबदार दिवा हवा, तर ३००० च्या आसपासचा घ्यावा लागतो. आकडा जितका मोठा, तितका उजेड थंड! वस्तू तापत जाते तशी ती आधी तांबडी, मग पिवळसर आणि शेवटी निळसर-पांढरी दिसते, हे ह्यांनी मला समजावून सांगितले. डोळ्यांचा न्याय उलटा आहे. त्यांना तांबडेच उबदार वाटते. त्यांनी हा न्याय चुलीपाशी बसून शिकला असावा. दिवा बदलला, आणि तिसऱ्या तुकड्यावर निखाऱ्याची तकाकी आली.

नऊ फूट लांब, दोन फूट उंच अशी भिंत. म्हणजे अठरा चौरस फूट. चार इंची टाइल्स एका चौरस फुटात नऊ बसतात. हिशेबाने १६२, तुटफुटीसाठी धरून १८० आणल्या. मिस्त्रीने आपणहून सुचवले, "बाई, सांधे पांढरे ठेवू नका. हळद टाइलला नाही, सांध्याला धरते." तेव्हा सांधे मातकट रंगाच्या इपॉक्सीने भरले. कपाटे आणि वरच्या भिंती पांढऱ्याच राहिल्या; आणि त्या लाल पट्ट्यामुळे त्यांचा पांढरेपणाही आता चुन्यासारखा मवाळ वाटतो.

सासूबाईंनी त्यावर अभिप्राय असा काही दिला नाही. पहिल्या रविवारी त्यांनी कढी केली. फोडणीचे चार शिंतोडे भिंतीवर उडाले. ते त्यांनी पाहिले, कढी उतरवली, आणि मगच सावकाश पुसले.

परवा चकलीची भाजणी दळून आली. मी परीक्षेचे पेपर, मसाल्याचा डबा, पिशव्या असे सगळे ओट्यावर टाकून कपडे बदलायला गेले होते. बाहेर आले तो त्या कमरेवर हात ठेवून उभ्या.

"हे बघ," त्या कडाडल्या, "आपल्या ओट्यावर असला पसारा मी चालू देणार नाही!"

मी मुकाट्याने पेपर उचलले. इतके गोड रागावणे मी बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते.