बाण वाकडा का गेला?

मुख्याध्यापकाच्या कपाटात काय सापडेल, याचा नेम नसतो. मुलांकडून काढून घेतलेल्या गोट्या, भोवरे, गलोली वर्षानुवर्षे तेथे पडून असतात. मी सेवानिवृत्त झालो, त्या दिवशी कपाट रिकामे करताना अशाच वस्तूंच्या तळाशी मला शीतपेयाची एक रिकामी बाटली सापडली. तिला पुठ्ठ्याचे तीन पंख चिकटवलेले होते आणि त्यांतला एक मोडलेला होता. ती बाटली पाहताच मला सोळा वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली आणि माझी मान आपोआप खाली गेली.

त्या दुपारी मधल्या सुट्टीत सातवीतल्या एका मुलाने मैदानावर पाण्याचा अग्निबाण उडवला होता. अग्निबाण म्हणजे हीच बाटली. तीत त्याने थोडे पाणी भरले, तोंडाला रबरी बूच बसवले, बुचातून सायकलच्या ट्यूबचा वाल घातला आणि पंपाने हवा भरली. बाटली उडाली खरी. पण सरळ वर न जाता ती आडवी वळली आणि थेट वर्गाच्या खिडकीवर आदळली. काच खळकन फुटली. मी बाहेर आलो आणि बाटली काढून घेतली. मुलगा म्हणाला, "गुरुजी, तो सरळ जायला पाहिजे होता. पण..."

त्याचा तो 'पण' मी ऐकून घेतला नाही. "हे तुझे काम नव्हे. अभ्यासाकडे लक्ष दे," एवढे बोलून मी बाटली कपाटात टाकली. काच कोणी फोडली, हे मी विचारले. बाण वाकडा का गेला, हे मात्र विचारले नाही. या दोन प्रश्नांत केवढे अंतर आहे, हे कळण्यास मला पुढे बरीच वर्षे लागली.

सेवानिवृत्तीनंतर काही वर्षांनी गावातील विज्ञानाचे एक तरुण शिक्षक माझ्याकडे आले. 28 फेब्रुवारी हा आपला राष्ट्रीय विज्ञान दिन. 1928 साली याच दिवशी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपला प्रसिद्ध शोध लावला होता. त्या दिवशी माळशिरसबाहेरच्या माळावर आसपासच्या गावांतील मुले जमणार होती आणि प्रत्येक गट स्वतः तयार केलेला पाण्याचा बाण उडवणार होता. "गुरुजी, तुमचे अक्षर चांगले आहे. नोंदवही तुम्ही सांभाळा," असे ते म्हणाले. मी मराठीचा शिक्षक. बाणांविषयी मला काय ठाऊक? परंतु कपाटातली ती बाटली डोळ्यांपुढे आली आणि मी होकार दिला.

आमचा हा मुलूख पर्जन्यछायेतला. आषाढात ज्ञानोबांची पालखी येथून जाते तेव्हा सारा रस्ता माणसांनी फुलून जातो. फेब्रुवारीत मात्र माळ मोकळा असतो. ज्वारीची काढणी सुरू झालेली, गवत वाळलेले आणि डोक्यावर स्वच्छ निळे आकाश. सकाळी आठ वाजता नातेपुते, वेळापूर, पिलीव अशा गावांची मुले आली. कोणाच्या बाणाला मोराचे रंग दिलेले, तर कोणाच्या बाणावर चंद्रयानाचे नाव लिहिलेले. मधोमध लाकडाची एक घोडी रोवली होती. तिच्यावर बाटली उलटी, म्हणजे तोंड खाली करून, ठेवायची. भोवती वीस पावलांवर चुन्याची रेघ आखली होती. हवा भरणारा मोठा माणूस सोडून कोणीही त्या रेघेच्या आत यायचे नाही, असा सक्त नियम होता. चरा गेलेली बाटली वापरायची नाही, हा दुसरा नियम. आणि दारूचा कणही आणायचा नाही, हा तिसरा.

हा तिसरा नियम का, असे एका मुलाने विचारले. शिक्षकांनी त्याला अमेरिकेतली हकीकत सांगितली. 4 ऑक्टोबर 1957 रोजी रशियाचा स्पुटनिक उपग्रह आकाशात गेला आणि अमेरिकेतल्या मुलांना अग्निबाणांचे वेड लागले. त्यांनी लोखंडी नळ्यांत स्फोटक पूड ठासली. त्या नळ्या फुटून कित्येक मुले जखमी झाली. ऑर्व्हिल कार्लाईल आणि हॅरी स्टाईन या दोघांनी मुलांसाठी नवी वाट काढली. बाण कागदाचा व हलक्या लाकडाचा करायचा, त्यात कारखान्यात तयार झालेले छोटे इंजिन बसवायचे आणि दूर उभे राहून विजेच्या तारेने ते पेटवायचे. आज जगभर छंद म्हणून जे छोटे अग्निबाण उडवले जातात, त्यांची सुरुवात ही अशी झाली. "आपण तर अग्नीच वगळला आहे," असे शिक्षक हसून म्हणाले.

मग अग्नीवाचून बाण उडतो कसा? उसाला पाणी देणाऱ्या मुलांना याचे उत्तर हातानेच ठाऊक आहे. मोटर सुरू होऊन पाईपातून पाणी जोराने सुटले, की पाईप हातात मागे उसळतो. पाणी पुढे जाते आणि पाईपाला मागे रेटते. बाटलीत कोंडलेली हवाही पाण्याला असाच खाली धक्का देते आणि ते पाणी बाटलीला वर ढकलते. क्रिया तेवढीच प्रतिक्रिया, हा न्यूटनचा नियम तो हाच. बाटलीचा साधारण तिसरा हिस्सा पाण्याने भरावा. पाणी अगदीच नसेल, तर हवा फुस्स करून निघून जाते. पाणी काठोकाठ भरले, तर हवेला जागाच उरत नाही.

पंप मारणारा गृहस्थ बाजारातल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानातून आपला मोठा पंप घेऊन आला होता. त्याने मला वाकून नमस्कार केला. मी त्याला क्षणभर ओळखले नाही. ओळखले तेव्हा माझ्या हातातली लेखणी थांबली. खिडकीची काच फोडणारा तो मुलगा हाच होता.

तेवढ्यात मुलांनी अंक उलटे मोजण्यास प्रारंभ केला: पाच, चार, तीन, दोन, एक! असे उलटे मोजण्याची ही रीत एका चित्रपटामुळे प्रसिद्ध झाली, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. 1929 साली जर्मनीत चंद्रप्रवासावर एक चित्रपट निघाला होता. त्यात ती दाखवली होती. पहिला बाण पाण्याची शेपटी मागे सोडत सरळ वर गेला आणि सारा माळ आनंदाने ओरडला. दुसरा गेला, तिसरा गेला. चौथा बाण सहावीतल्या एका मुलीचा होता. तिने तो फार सुबक रंगवला होता. तो उडाला, दोन माणसे उंच गेला आणि एकाएकी कोलांट्या खात बाभळीच्या झुडपात जाऊन पडला.

मुले हसली. त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. मला पुढची नोंद करायची होती. 'जाऊ दे बाळ, पुढच्या वर्षी पाहू,' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. दिसायला ते मायेचे शब्द; पण 'हे तुझे काम नव्हे' या माझ्या जुन्या वाक्याचेच ते भावंड होते. मी ते गिळले आणि विचारले, "अगं, तुझा बाण वाकडा का गेला असेल?"

ती हुंदका आवरून म्हणाली, "वाऱ्यामुळे, गुरुजी."

"वारा तर तिघांच्याही बाणांना होता. मग ते सरळ कसे गेले?"

ती गप्प झाली. पण तिचे रडणे थांबले होते. ती सरळ गेलेल्या बाणांपाशी जाऊन त्यांच्याकडे निरखून पाहू लागली. शेवटी ती म्हणाली, "त्यांचे पंख अगदी मागे आहेत. माझे मध्यावर आहेत. मला तिथे ते छान दिसले."

आता मला माझा विषय आठवला. मी तिला म्हणालो, "आपण याला बाण म्हणतो ना? मग धनुष्याचा बाण कसा असतो, ते सांग बरे."

"पुढे लोखंडी टोक असते, आणि मागे पिसे असतात."

"म्हणजे पुढे जड आणि मागे पिसे. असे का असेल?"

त्यावर शिक्षकांनी पुढचे समजावून दिले. बाण किंचित कलला, की मागच्या पिसांवर हवेचा रेटा येतो आणि तो शेपटाला पुन्हा जागेवर आणतो; त्यामुळे टोक आपोआप पूर्वीच्या दिशेला वळते. त्यासाठी वजनाचा मध्य पुढे हवा आणि हवेचा रेटा त्याच्या मागे पडायला हवा. नाहीतर बाण भरकटतो. 'बाण' हा शब्द मी सारा जन्म शिकवला होता. त्याच शब्दात त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले होते आणि मी ते कधी पाहिले नव्हते.

पंख उखडून पुन्हा चिकटवण्यास वेळ नव्हता. तेव्हा मुलीने ओढ्याकाठची चिकणमाती आणली, लिंबाएवढा गोळा केला आणि बाणाच्या कागदी टोकात घट्ट बसवला. मग शिक्षकांनी एक परीक्षा सांगितली. बाण जेथे समतोल राहतो, तेथे दोरा बांधायचा आणि तो डोक्याभोवती गरगर फिरवायचा. बाण टोक पुढे करून फिरला, तर तो आकाशातही सरळ जाईल. मुलीने फिरवून पाहिले. बाण टोक पुढे करूनच फिरला.

पुन्हा उलटे अंक मोजले गेले. या खेपेला बाण सरळ वर गेला, उंचावर क्षणभर थबकला आणि टोक खाली करून माळावर येऊन पडला. उंची मोजण्याचीही मुलांची युक्ती होती. कोनमापकाला ओळंबा बांधून एक मुलगा घोडीपासून 25 मीटरांवर बसला होता. बाण सर्वांत उंच असताना त्याच्या नजरेचा कोन 45 अंश भरला. 45 अंशांचा कोन असला, की उंची आणि अंतर सारखेच असते. त्यात मोजणाऱ्याच्या डोळ्यांची उंची तेवढी मिळवायची. म्हणजे बाण सुमारे 26 मीटर उंच गेला होता. त्या दिवशी याहून उंच गेलेले बाण होते. मातीचे ओझे त्यांना वाहावे लागले नव्हते. तरी मुलीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मी तिला रॉबर्ट गॉडार्ड यांची गोष्ट सांगितली. 16 मार्च 1926 रोजी त्यांनी अमेरिकेतील ऑबर्न गावी द्रव इंधनाचा जगातील पहिला अग्निबाण उडवला. तो अडीच सेकंद उडाला, साडेबारा मीटर उंच गेला आणि कोबीच्या शेतात जाऊन पडला. "म्हणजे माझा त्याहून उंच गेला!" ती चटकन म्हणाली. गेला होता खरा. पण चंद्रापर्यंतची वाट त्या कोबीच्या शेतातूनच पुढे गेली, हेही मी तिला सांगितले.

आपल्या देशाची वाटही अशीच आहे. 21 नोव्हेंबर 1963 रोजी केरळातील थुंबा या कोळ्यांच्या गावाहून पहिला अग्निबाण उडाला. तो अमेरिकेत तयार झालेला होता आणि त्याचे भाग सायकलवरून वाहून नेले होते. थुंब्याची जागा शोधण्याच्या कामी एकनाथ चिटणीस यांनी आणि पुढे घन इंधन तयार करण्याच्या कामी वसंत गोवारीकर यांनी, या आपल्या मराठी शास्त्रज्ञांनी, मोठा वाटा उचलला. 10 ऑगस्ट 1979 रोजी आपला पहिला उपग्रहवाहक अग्निबाण श्रीहरिकोट्याहून निघाला आणि समुद्रात पडला. शास्त्रज्ञांनी तो का पडला, याचा छडा लावला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणयंत्रणेतील एका झडपेने दगा दिला होता. 18 जुलै 1980 रोजी त्याच जातीच्या अग्निबाणाने रोहिणी उपग्रह आकाशात नेऊन सोडला. या दोन तारखांच्या मध्ये जे वर्ष गेले, ते 'का?' या एका प्रश्नाचे वर्ष होते.

दुपारी माळ रिकामा झाला. पंप सायकलला बांधणाऱ्या त्या गृहस्थाला मी म्हणालो, "अरे, त्या दिवशी तुझा बाण वाकडा का गेला, हे मी तुला विचारायला हवे होते."

तो हसला. "मला तरी तेव्हा कुठं ठावं होतं, गुरुजी?"

"मग पुन्हा कधी केलास का?"

"नाही गुरुजी. पुन्हा नाही केला," तो साधेपणाने म्हणाला आणि दोरीची गाठ आवळू लागला.

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती; म्हणूनच ते उत्तर मला अधिक लागले. दुसऱ्या दिवशी मी ती जुनी बाटली घेऊन त्याच्या दुकानी गेलो. त्याने ती उलटीपालटी करून पाहिली, मधोमध बोटावर तोलली आणि म्हणाला, "टोक हलकं होतं, गुरुजी." मग त्याने मोडका पंख काढला आणि नवा पुठ्ठा कापायला घेतला.

माझ्या नोंदवहीत त्या मुलीच्या नावापुढे 'पहिले उड्डाण: वाकडे' अशी नोंद आहे. कारणाचा रकाना मी मोकळा ठेवला होता. तो तिने स्वतःच्या हाताने भरला आहे.