पिशवीतली पिशवी

आंबोलीच्या लॉजवर मी पिशवी पलंगावर उपडी केली आणि आतून कोरडा टॉवेल पडला. कोरडा! जुलैत, आजऱ्यापासून भिजत आल्यावर! मी तो गालाला लावून तशीच उभी राहिले.

गेल्या पावसाळ्यात याच रस्त्यावर माझ्या क्लासिक ३५० मोटरसायकलच्या चामड्याच्या सॅडलबॅगा पोटभर पाणी प्यायल्या होत्या. पांढऱ्या कुर्त्यावर तपकिरी डाग, महिन्याभराने आत हिरवट बुरशी. मी खुळ्यासारखी चामड्याला मेण चोळत बसले. मग एका सीटकव्हरवाल्या काकांना म्हटलं, आतून रेक्झिनचं अस्तर शिवून द्या. ते हसले. "ताई, सुई गेली तिथं भोक पडलं. पाणी तिथूनच शिरणार."

एवढं एक वाक्य! तेव्हापासून मी पिशवीची शिवणच आधी बघते. नव्हे, शिवण नसलेलीच पिशवी शोधते: जोड उष्णतेने एकजीव केलेली, तोंड तीन वळ्या घट्ट गुंडाळून बक्कल लावायची ड्राय बॅग. राफ्टिंगवाले वापरतात तीच. गुंडाळण्याआधी गुडघ्याने हवा दाबून काढा, नाहीतर ती फुगून बसते आणि सॅडलबॅगेचं झाकण लागत नाही.

मापात मात्र मी फसले होते. बारा लिटरच्या सॅडलबॅगेत बारा लिटरचीच पिशवी कोंबली. हवी होती पंधराची! तीन लिटर तर तोंड गुंडाळण्यातच जातात. शिवाय पिशवी आत सैल पसरली की ओझं चामडं पेलतं. ताणून बसली की सगळा भार तिच्या जोडांवर येतो. आणि रंग पिवळा घ्या. काळ्या पिशवीत काळा चार्जर शोधून पाहा एकदा.

सॅडलबॅगेचा आकार टिकवण्याचं गुपित तर रस्त्यावरच्या जाहिरातीच्या बोर्डात निघालं. सनपॅक शीट! भिजत नाही, वजन नाही, कात्रीने कापता येते. तिच्या पन्हळी उभ्या ठेवून पाठीला एक तुकडा, तळाला एक. कोपरे गोल कापले, नाहीतर पिशवीलाच टोचतात. भिजल्यावर लोंबणारी बॅग आता ताठ उभी राहते. उजवीकडे सायलेन्सर आहे, तिथे सॅडल स्टे लावून बॅग दूरच ठेवावी लागते. त्या उष्णतेपुढे असल्या पिशवीचा टिकाव लागत नाही. चिक्की डावीकडे.

आणि खरी चैन मुक्कामाला! बॅगांचे पट्टे सोडायचे नाहीत. लॉजच्या मालकांनी गाडीकडे बघून विचारलं, "सामान नाही काय?" मी झाकणं उघडली, दोन पिवळ्या पिशव्या भाजीसारख्या उचलल्या आणि जिना चढले. सॅडलबॅगा खाली पत्र्याच्या शेडमध्ये तोंडं उघडी टाकून सुकत होत्या.