'नाही' आणि 'दिसले नाही'

गेल्या वर्षी जून महिन्यात, प्रवेशाच्या धामधुमीत, दोन वर्षांपूर्वी आपल्याच शाळेतून दहावी झालेली एक मुलगी आईला घेऊन कार्यालयात आली. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी भाषक मुलांसाठी सोय असते. त्यासाठी मातृभाषा मराठी असल्याचा दाखला तिला हवा होता. दुपारच्या गाडीने मायलेकींना उदगीरला जायचे होते. कार्यालयातल्या अण्णांनी संगणकावर नाव टाकले. उत्तर आले, 'नोंद नाही.' पुन्हा टाकले, पुन्हा तेच.

"अण्णा, माझी पोर इथंच शिकली की!" आई म्हणाली.

मुख्याध्यापिका बाईंनी कपाटातले प्रवेशाचे रजिस्टर काढले, नाव शोधले आणि हाताने दाखला लिहून दिला. मायलेकींना गाडी मिळाली. पण शाळेचा संगणक कक्ष सांभाळणाऱ्या आम्हा तिघांना त्या दिवशी चैन पडले नाही. दाखल्यांचा तो छोटा प्रोग्रॅम आम्हीच लिहिला होता. या मुलीसाठी बाईंनी कपाट उघडले. याआधी किती जणांना "नोंद नाही" ऐकून परत जावे लागले असेल?

शाळा सुटल्यावर आम्ही बसलो. लिनक्सवर अशा वेळी उपयोगी पडणारे एक साधन आहे, त्याचे नाव एसट्रेस. पॉल क्रॅननबर्ग यांनी ते 1991 साली सनओएससाठी लिहिले. पुढे ते लिनक्सवर आले. त्याचे काम समजायला सोपे आहे. संगणकातील कोणताही प्रोग्रॅम स्वतः फाइल उघडू शकत नाही. शाळेत जसे शिपाईमामांकडे चिठ्ठी दिल्याशिवाय कपाट उघडत नाही, तसे प्रोग्रॅमला प्रत्येक वेळी कर्नलकडे मागणी करावी लागते. या मागणीला सिस्टिम कॉल म्हणतात. एसट्रेस मध्ये उभे राहून प्रत्येक चिठ्ठी आणि तिला मिळालेले उत्तर लिहून ठेवते. म्हणजे आपला प्रोग्रॅम नेमके काय मागतो आहे ते कळायला हवे होते. पण आमची पहिली संध्याकाळ प्रोग्रॅमपेक्षा एसट्रेसशीच झगडण्यात गेली. तो सगळा अनुभव येथे देतो, कारण वरच्या वर्गातली मुले आता संगणक कक्षात लिनक्स वापरू लागली आहेत.

प्रोग्रॅमची खिडकी उघडीच होती. चालू प्रोग्रॅमला एसट्रेस जोडायला गेलो तर उत्तर आले, परवानगी नाही. संगणक आमचा, प्रोग्रॅम आमचा, मग परवानगी कसली? याला कारण यामा नावाचा पहारेकरी. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या पोटात शिरून पासवर्ड चोरू नये म्हणून ही सोय उबंटूमध्ये 2010 साली आली आणि 2012 साली लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये दाखल झाली. तिचा साधा नियम असा, की ज्याला तुम्ही जन्म दिला त्याच्यावरच तुम्ही नजर ठेवू शकता. उपाय दोन. मुख्य वापरकर्त्याच्या अधिकाराने जोडणे, किंवा प्रोग्रॅम बंद करून तो एसट्रेसच्या हातूनच पुन्हा सुरू करणे. आम्ही दुसरा मार्ग घेतला. पहारा कायमचा उठवून ठेवणे बरे नव्हे, विशेषतः शाळेत.

आता आमच्या जुन्या वहीतली आज्ञा दिली. तीत फक्त 'ओपन' हा कॉल दाखव असे लिहिले होते. पडदा कोरा! शेवटी प्रोग्रॅम संपल्याची एक ओळ तेवढी. प्रोग्रॅम एकही फाइल उघडत नाही, असे कसे होईल? चूक वहीची होती. 2017 साली आलेल्या जी-लिबसीच्या 2.26 या आवृत्तीपासून फाइल उघडण्यासाठी 'ओपन' ऐवजी 'ओपनॅट' हा कॉल वापरला जातो. आम्ही जुन्या दारावर पहारा देत बसलो होतो आणि माणसे नव्या दाराने ये-जा करीत होती. एकाच कॉलचे नाव देण्याऐवजी 'फाइल' असा पूर्ण गट सांगितला की हा घोटाळा होत नाही.

गट सांगितला आणि पडद्यावर पूर आला. त्यातून 'यादी' हा शब्द असलेल्या ओळी वेगळ्या काढायला पाइपने ग्रेपकडे सोडल्या, तरी पूर तसाच. एसट्रेस आपले लिखाण नेहमीच्या बाहेर जाण्याच्या मार्गाने पाठवत नाही, चुकांच्या मार्गाने पाठवते. पाइपमधून ते जातच नाही. 'ओ' हा पर्याय देऊन सगळे एका फाइलीत उतरवून घेतले, तेव्हा शांतपणे वाचता आले. 'अशी फाइल नाही' या उत्तराच्या कितीतरी ओळी पाहून आमच्यातला धाकटा घाबरला. पण प्रोग्रॅम सुरू होताना एकेक गोष्ट चार ठिकाणी शोधतो, तीन ठिकाणी नसते, चौथ्या ठिकाणी सापडते. त्या ओळी निरुपद्रवी.

एवढे करूनही विद्यार्थ्यांच्या यादीचा उल्लेख कुठेच नाही. मग लक्षात आले, की आमची खिडकी शोधण्याचे काम स्वतः करीत नाही, त्यासाठी दुसरा लहान प्रोग्रॅम सुरू करते. एसट्रेसला 'एफ' हा पर्याय दिला नाही, तर ते फक्त आईकडे पाहते, लेकराच्या मागे जात नाही. 'एफ' दिला, आणि हवी ती ओळ मिळाली. 'दुसऱ्या तुकडीची यादी' ही फाइल मागितली होती आणि कर्नलचे उत्तर होते, अशी फाइल नाही.

पण फाइल तर तिथेच होती! फोल्डरमध्ये डोळ्यांना दिसत होती, नाव तेच, एका अक्षराचाही फरक नाही.

एसट्रेस देवनागरी अक्षरे न दाखवता त्यांचे बाइट अंकांत लिहिते. त्याचा आम्हाला आधी राग आला होता. आता तेच उपयोगी पडले. फोल्डरमधल्या नावांचेही बाइट काढून दोन्ही ओळी बोटाने मोजत ताडून पाहिल्या. फरक 'ऱ' मध्ये होता. प्रोग्रॅम मागत होता 340, 244, 261. हे अखंड 'ऱ'. फाइलीच्या नावात होते 340, 244, 260 आणि त्यानंतर 340, 244, 274. म्हणजे साधा 'र' आणि खाली वेगळा नुक्ता. युनिकोडच्या दृष्टीने दोन्ही रूपे समान, डोळ्यांना एक. पण लिनक्सची नेहमीची फाइल-व्यवस्था अक्षरे वाचत नाही, बाइट पाहते.

हे झाले कसे? याद्या टंकून देण्याचे काम आपल्या एका माजी विद्यार्थ्याने आपुलकीने केले होते, त्याच्या जुन्या मॅक संगणकावर. 1998 सालापासूनची मॅकची ती फाइल-व्यवस्था नावातील जोड असलेली अक्षरे सोडवून ठेवत असे. सगळ्या याद्या टार करून त्याने पाठवल्या, त्यामुळे नावे जशीच्या तशी इथे उतरली. 'पहिल्या तुकडीची यादी' बिनबोभाट उघडत होती, कारण 'पहिल्या' मध्ये 'ऱ' नाही! अडकली ती फक्त दुसऱ्या तुकडीची मुले.

'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला फरक आपण सातवीपर्यंत घोटून घेतो. हा 'ऱ' आपल्या मराठीच्या खास जिव्हाळ्याचा. युनिकोडच्या तक्त्यात मात्र तो द्राविडी भाषांतला वर्त्स्य 'र' लिहिण्यासाठीचा म्हणून नोंदला आहे आणि आपल्या 'ऱ्या' चे अर्धे रूप त्यातूनच मिळते. कन्नडातही असे एक अक्षर पूर्वी होते, आता वापरातून गेले. बिदर-भालकीकडच्या आपल्या शाळेत तेच अक्षर अडून बसावे, याची मौज वाटली.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. सर्व नावे एका रूपात आणली आणि याद्या उघडल्या. पण खरी चूक 'ऱ' ची नव्हती, मॅकचीही नव्हती. फाइल उघडली नाही तर काय सांगायचे, हे आम्ही प्रोग्रॅमला शिकवलेच नव्हते. फाइल न उघडता तो बेधडक म्हणत होता, 'नोंद नाही.' आम्ही कोऱ्या पडद्याकडे पाहून 'फाइल उघडतच नाही' म्हणणार होतो, तसेच हे. शोधून न सापडणे वेगळे आणि शोधताच न येणे वेगळे. आता प्रोग्रॅम दुसऱ्या वेळी स्पष्ट लिहितो, 'यादी उघडता आली नाही, रजिस्टर पाहावे.'

मुलांसाठी एक सूचना. एसट्रेसच्या नोंदीत वाचलेल्या मजकुराचे तुकडेही येतात. त्यात कोणाची जन्मतारीख, कोणाचा पत्ता असू शकतो. मदत मागताना ती फाइल जशीच्या तशी बाहेर पाठवू नये.

आणि पालकांना विनंती. आपल्या मुलाच्या दाखल्यासाठी आपणांस पूर्वी 'नोंद नाही' म्हणून परत जावे लागले असेल, तर कृपया पुन्हा या. चूक आमची होती. यादी आता उघडते, आणि न उघडल्यास बाईंच्या कपाटातले रजिस्टर आहेच.