शंभरावर आठ : लोकहितवादींच्या पत्रांचा नेम

१/ मार्च १८४८. मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ अशा सहीचे एक पत्र छापून आले. १८५० पर्यंत त्याच सहीने एकूण १०८ पत्रे प्रसिद्ध झाली. म्हणजे जवळजवळ दर आठवड्यास एक. मराठी वाचक त्यांना ‘शतपत्रे’ म्हणून ओळखतो. त्यांतील विचारांवर विपुल लिहिले गेले आहे. हा धागा त्यामागील नेमाविषयी.

२/ सहीमागचे गृहस्थ गोपाळ हरी देशमुख. जन्म १८२३ चा, पुण्याचा. पहिले पत्र आले तेव्हा पेशवाई बुडून ३० वर्षे झाली होती आणि पत्रलेखकाचे वय होते २५. पोटापाण्याचा व्यवसाय सरकारी नोकरी. लेखनासाठी उसंत काढायची ती कचेरीच्या कामातूनच.

३/ नेम टिकला याचे पहिले कारण लेखनाच्या मापात आहे. पत्र आटोपशीर असते. एक विषय घेते आणि एका बैठकीत वाचून होते. थोर ग्रंथाचा संकल्प सोडणारे पुष्कळ जण प्रस्तावनेतच थकतात. पत्राला प्रस्तावना लागत नाही, आणि सांगायचे राहिले तर पुढचे पत्र असतेच.

४/ दुसरे कारण अंकाचा ठरलेला वार. ‘प्रभाकर’ १८४१ मध्ये गोविंद विठ्ठल कुंटे ऊर्फ भाऊ महाजन यांनी सुरू केला होता. मुंबईत रेल्वे धावायला १८५३ उजाडायचे होते. घाटावरचा मजकूर टपालाने घाट उतरून यायचा. लेखकाला स्फूर्ती येईपर्यंत छापखाना थांबत नसे. लेखकाच्या शिस्तीचा अर्धा भार अशा रीतीने संपादकाने उचललेला होता.

५/ विषय पाहावेत : बालविवाह, विधवांची दैना, जातिभेद, अर्थ न समजता केलेले पाठांतर, व्यापाराविषयीची अनास्था, ग्रंथसंग्रहाची गरज. हे विषय पुन्हापुन्हा येतात. सलग ग्रंथ म्हणून वाचणाऱ्यास ही पुनरुक्ती खटकते. पण साप्ताहिकाच्या वाचकापाशी मागचा अंक असेलच असे नाही. शतकांच्या रूढीवर एकदाच बोलून भागत नाही, हेही त्यामागे होतेच.

६/ टोपणनावाचाही उपयोग होता. स्वतः ब्राह्मण असून त्यांनी ब्राह्मणवर्गावर कठोर प्रहार केले. अप्रिय बोलणाऱ्यास त्या नावाची थोडी ओट मिळाली. शिवाय ‘लोकहित’ हा शब्दच दर आठवड्याला कसोटी होऊन समोर उभा राही : या पत्रात लोकांचे हित कोणते?

७/ अशा लेखनाची किंमतही असते. आठवड्याच्या घाईत वाक्ये ओबडधोबड राहतात, मते पुरती मुरत नाहीत. याच पत्रमालेत इंग्रजी राज्याची मुक्त स्तुती आहे आणि देशी माल वापरण्याचा आग्रहही आहे. जाहीरपणे विचार करणाऱ्याच्या विसंगतीही जाहीरच राहतात. छापलेला शब्द परत घेता येत नाही.

८/ तुलनेसाठी विष्णुशास्त्री चिपळूणकर. १८७४ मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ हे मासिक काढले. ८४ अंक, आणि लेखन जवळजवळ एकहाती. तेही आरंभी सरकारी शाळेतील शिक्षकाची नोकरी सांभाळून. तेथे माप वेगळे होते : महिन्याची मुदत आणि अनेक अंकांत चालणारे दीर्घ निबंध. याच मालेत त्यांनी लोकहितवादींवर जळजळीत टीका केली. कित्येक वर्षांपूर्वीच्या साप्ताहिक पत्रांवर एवढे शस्त्र उगारावेसे वाटले, यातच त्या पत्रांचा टिकाऊपणा दिसतो. चिपळूणकर मार्च १८८२ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी निवर्तले.

९/ लोकहितवादींची पत्रमाला १८५० मध्ये थांबली. लेखन थांबले नाही. ‘लक्ष्मीज्ञान’ हा अर्थशास्त्रावरील ग्रंथ पत्रमाला चालू असतानाच, १८४९ मध्ये निघाला होता. पुढे न्यायखात्यात ते वरच्या पदांवर गेले आणि इतिहास, धर्म, समाज या विषयांवर १८९२ मध्ये मृत्यू येईपर्यंतच्या चार दशकांत लिहीत राहिले. एक रूप संपले म्हणून सवय मोडली, असे त्यांनी मानलेले दिसत नाही.

१०/ आज लिहू लागणाऱ्या तरुणाला छापखान्याची वाट पाहावी लागत नाही, आणि त्याची खरी अडचण तेथेच आहे. त्याला वार ठरवून देणारा भाऊ महाजन नाही. प्रत्येक क्षणी प्रसिद्ध करता येते, म्हणून कोणताच क्षण बांधील नसतो. वार त्याने स्वतःच नेमावा किंवा एखाद्या मित्राला तगादा लावण्याचा अधिकार द्यावा. आणि मजकुराचे माप आपल्या सर्वांत वाईट आठवड्याला पेलेल एवढेच धरावे. उत्साहाच्या आठवड्यात कोणीही लिहितो. १०८ पत्रांपैकी बरीचशी कचेरीतून थकून आलेल्या संध्याकाळची असली पाहिजेत.