सुशेची पंचवीस वर्षं

प्रिय वसंता,

रॉयल शेक्सपिअर कंपनीत इयागो उभा करणाऱ्या डेव्हिड सुशेनं पुढची पंचवीस वर्षं मिशांना पीळ देण्यात घालवली, अशी तुझी हळहळ. शिक्का बसला की नट संपला, हे आपण सगळेच पटकन म्हणतो. पण पुरावा बघ. १९८९ ते २०१३ मध्ये त्यानं टीव्हीवर अगाथा ख्रिस्तीच्या प्वारो या गुप्तहेराचे ७० भाग केले खरे, तरी चित्रीकरण अखंड चालू नव्हतं. मधल्या फटींत त्यानं रंगमंचावर ‘अमॅडियस’मधला सालिएरी केला, २००१ मध्ये ट्रोलपच्या कादंबरीवरच्या मालिकेत मेलमॉट केला. त्या गुर्मीदार, लुच्च्या भांडवलदाराकडे बघताना प्वारो आठवतही नाही.

तू म्हणशील, प्वारोत आहे काय? पोटावरचं पॅडिंग, तुरुतुरु चाल आणि लकबी! लकबी आहेतच; ख्रिस्तीच्या कथा वाचून त्यानं ९३ नोंदींची यादी केली होती, चहा-कॉफीत साखरेचे खडे किती इथपर्यंत. (अशी यादी करणारा माणूस मुळातच थोडा प्वारो असणार.) पण त्याचा स्वतःचा आवाज खर्जातला, छातीतून येणारा. प्वारो बुद्धीवर जगतो, म्हणून सुशेनं तो आवाज डोक्यात चढवला. म्हणजे लकब शोधतानाही तो स्वभावच शोधत होता. १९८५ मध्ये पीटर उस्तिनोव्हच्या प्वारोसमोर त्यानं इन्स्पेक्टर जॅप केला होता. तो त्याचा त्यालाच आवडला नाही. नुसत्या नकलेवर भागत असतं, तर तोही जमला असता.

आणि मुक्काम लांबला म्हणूनच काही गोष्टी शक्य झाल्या. २०१० च्या ‘ओरिएंट एक्सप्रेस’मध्ये न्याय की कायदा या पेचात जपमाळ घट्ट धरून बसलेला प्वारो मूळ कादंबरीत नाही. ख्रिस्तीचे कट्टर वाचक त्यावर रागावतात, आणि तो भाग मूळ पुस्तकापेक्षा फार काळवंडलेला आहे हे मलाही मान्य. पण तीन वर्षांनी ‘कर्टन’ या शेवटच्या भागात चाकांच्या खुर्चीतला म्हातारा जे करतो (सांगत नाही, तू बघितलेलं नाहीस), ते या पेचाशिवाय पटलंच नसतं. पहिल्याच वर्षी हा प्रसंग सुशेला पेलला नसता.

तक्रारच करायची तर प्वारोचे साथीदार हेस्टिंग्ज, जॅप आणि मिस लेमन मधली कितीतरी वर्षं गायब होते, त्याची कर. तिथं मी तुझ्या बाजूनं.

तुझा,
अनंत