दीड तास पुढे

आमच्या गावाचे नाव सरकारी कागदांवर ‘आंजी (मोठी)’ असे लिहितात. लहानपणी मला त्या कंसाचा फार अभिमान वाटे. वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्याने जाणाऱ्या मोटारीतून उतरताना आपण, कंसात का होईना, पण मोठ्या गावी उतरत आहोत अशी माझी समजूत होती. पुढे पुण्यात नोकरी केली, संसार केला, आणि मोठेपणाचे माप बदलत गेले. पत्नी वारली, मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली. माझे काम हिशेब तपासण्याचे. 2020 च्या टाळेबंदीत कचेरी माझ्या घरात आली ती परत गेलीच नाही. मग एक दिवस मनात आले, कचेरीला जर गाव उरलेले नाही, तर मी तरी एका गावाला का चिकटून राहावे?

असा मी 2024 च्या दिवाळीनंतर थायलंडातल्या चिआंग माईला जाऊन पोहोचलो. त्याच वर्षी जुलैत त्या देशाने माझ्यासारख्या, एकीकडे बसून दुसरीकडचे काम करणाऱ्या मंडळींसाठी पाच वर्षांचा एक नवा परवाना सुरू केला होता. दहा हजार बाट शुल्क भरावे, पाच लाख बाट गाठीला असल्याचे दाखवावे, आणि एका खेपेला एकशे ऐंशी दिवस खुशाल राहावे. पुण्यातल्या दोन खोल्यांना मी जे भाडे भरत होतो त्याहून कमी पैशांत तिथे स्वच्छ खोली, गच्ची आणि गच्चीतून दिसणारा दोई सुथेपचा डोंगर मिळाला.

गाव मला पाहताक्षणी आवडले. ‘चिआंग माई’ म्हणजे नवे नगर. मंगराई राजाने ते वसवले 1296 साली. सातशे वर्षे उलटली तरी नाव नवेच! जुन्या शहराभोवती चौकोनी खंदक आहे, त्यात सकाळी कोवळे ऊन उतरते. बाजारात गेलो की हिरव्यागार सांबाराच्या जुड्या दिसत. (पुणेकर वाचकांसाठी सांगतो, आम्ही वऱ्हाडाकडचे लोक कोथिंबिरीला सांबार म्हणतो.) भाषाही फार परकी वाटेना. जेवणाला ‘आहान’ म्हणतात, त्यात आपला आहार लपलेला. गुरुजींना ‘आचान’, म्हणजे आचार्यच.

आणि सर्वांत मोठे सुख म्हणजे, मला तिथे कोणी ओळखत नव्हते! आंजीत मी अमक्याचा नातू, तमक्याचा भाचा. पुण्यात अमुक पदावरचा. इथे मी नुसता एक चष्मेवाला गृहस्थ होतो. कोणी पगार विचारीत नव्हते, कोणी दुसऱ्या लग्नाचे सुचवीत नव्हते.

मायशी रोज फोनवर बोलणे होई. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. माझी दिवेलागण झालेली असे तेव्हा तिची गाय घरी यायची असे. तिचे वय ऐंशीच्या घरात. शेत बटईने दिलेले, पण बांधावर गेल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नाही. त्या वर्षी पहिल्या वेचणीआधीचे सीतादही तिने एकटीनेच केले होते. एकदा तिने विचारले, “काऊन रे बाबू, ते मशीन तिथं चालते, मंग आपल्या इथं नाही चालत का?”

मी म्हटले, “वीज जाते ना माय.”

“तिथं नाही जात?”

“क्वचित.”

ती गप्प राहिली. मीही गप्प राहिलो. कारण मी खरे बोललो नव्हतो. वीज हे निमित्त होते. आंजीत मला जाब विचारणारी माणसे होती, चिआंग माईत नव्हती, एवढाच दोन गावांतला खरा फरक होता.

माणूस आपल्या सोयीला थोरांची साक्ष काढतो. मी मनाशी गांधीजींची काढली. 1936 साली ते वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले, तेच पुढे सेवाग्राम झाले. तिथे मातीच्या कुटीत बसून त्यांनी पत्रे आणि तारा यांच्यावर देशाचा कारभार हाकला. व्हाइसरॉयशी बोलण्यासाठी बसवलेला दूरध्वनी शाळेच्या सहलीत आम्ही आश्रमात पाहिला होता. मग मी काय वेगळे करतो? स्वस्त ठिकाणी राहतो, दूरचे काम करतो!

कार्तिकी पौर्णिमेला तिथे लॉय क्रथोंगचा उत्सव असतो. केळीच्या खुंटाच्या चकतीवर पाने, फुले आणि मेणबत्ती लावून लोक ती पिंग नदीत सोडतात. माझे कपडे धुणारी बाई मला घाटावर भेटली. ती ब्रह्मदेशातल्या शान मुलखातली. तिची आई तिकडे, ती इकडे. मोडक्यातोडक्या थाईत आणि खुणांनी आमचे बोलणे चाले. आईला थाईत ‘मॅ’ म्हणतात. माझ्या कानाला ते मायच ऐकू येई. तिने विचारले, “तुमची मॅ कुठे?” मी म्हटले, “गावी.” “कोणाजवळ?” मी म्हटले, “एकटी.” तिने माझ्याकडे नवलाने पाहिले. तिला परत जायला वाट नव्हती. मला तिकीट काढले की झाले. ज्या स्वस्ताईचे मी गुण गात होतो, तिच्यात हिच्या मजुरीचा वाटा होता, हेही तेव्हाच ध्यानात आले. तिने दोन दिवे सोडले. मी एक सोडला आणि त्याचे छायाचित्र मायला पाठवले.

मार्च उजाडला. त्या दिवसांत आसपासची राने आणि शेते पेटवतात. धुराने डोंगर दिसेनासा होतो. एके संध्याकाळी पडद्यावर मायचा चेहरा पाहताना मला काहीतरी चुकल्यासारखे वाटले. ती फोन डाव्या हाताने धरीत होती.

“उजवा हात दाखव.”

“काही नाही झालं रे.”

फार आग्रह केला तेव्हा पांढऱ्या प्लॅस्टरातला हात वर आला. न्हाणीत पाय घसरला होता. शेजारच्या पोराने सेवाग्रामच्या दवाखान्यात नेले होते. या गोष्टीला चार दिवस झाले होते, आणि चारही दिवस मी तिच्याशी बोललो होतो! “तुले कायले सांगायचं? तू तिथून काय करणार होता?” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. हिशेब होता, आणि तो मला तपासून पाहण्याची गरज नव्हती. मी तिच्या दीड तास पुढे राहत होतो आणि चार दिवस मागे पडलो होतो.

त्या रात्री गांधीजींची साक्ष पुन्हा आठवली, पण या वेळी माझ्या विरुद्ध. त्याच आश्रमात महारोगाने पीडित परचुरेशास्त्री राहत होते. व्हाइसरॉयशी तारेवर बोलणाऱ्या त्या माणसाने शास्त्रीबुवांच्या अंगाला मालिश मात्र स्वतःच्या हातांनी केले. ते काम त्यांनी पत्राने केले नाही.

आठवड्याच्या आत मी आंजीला आलो. मायचा हात आता बरा झाला आहे. माझे काम ओसरीवर चालते. वीज जाते आणि येतेही. जाब विचारणारे विचारतात. त्यांना उत्तरे देता देता पूर्वी वाटे तेवढे काही वाईट वाटत नाही. पण मी आलो म्हणजे सारे जुळले, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. परवा संध्याकाळी मी पडद्यात डोके घालून बसलो होतो. माय चहा ठेवून गेली, पुन्हा आली, चहा तसाच. थोडा वेळ उभी राहून ती म्हणाली, “आता कोन्या गावी हायस रे बाबू?”

मी यंत्र मिटले. “आंजीत,” म्हटले.

तिने बरबटीच्या शेंगांचे सूप माझ्यापुढे सरकवले आणि समोर बसली. शेंगा निवडताना तिचे उजवे मनगट अजून थोडे जपून वळते, हे मला तेव्हा दिसले.